युद्धावरचं पुस्तक सुचवायचं कसं: माणूस, साल आणि जोडी

“युद्धावरचं एखादं चांगलं पुस्तक सांगा,” असं कुणी विचारलं की बहुतेक जण स्वतःला आवडलेलं पुस्तक पुढे करतात. बहुतेक शिफारशी इथेच फसतात. एखाद्याला दुसऱ्या महायुद्धातली स्टालिनग्राडची लढाई गल्लीगल्लीतून वाचायची असते, तर दुसऱ्याला १९१४ साली सबंध युरोप महिन्याभरात युद्धात कसा ओढला गेला हे समजून घ्यायचं असतं. दोघांना एकच पुस्तक दिलंत तर एक जण पन्नासाव्या पानावर थांबेल. दुसरा शेवटपर्यंत वाचेल आणि त्या युद्धाबद्दल एकच बाजू पक्की धरून बसेल. हे दुसरं नुकसान मोठं आहे. ज्याने पुस्तक मध्येच सोडलं तो उद्या दुसरं वाचू शकतो, पण एकाच पुस्तकावर ज्याचं मत पक्कं झालं तो दुसरं उघडतच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी विचारणाऱ्याला प्रश्न, मग पुस्तकाचं साल, मग पुस्तक हातात घेऊन तपासणी, मग त्याला जोड, आणि देताना चार ओळींची चिठ्ठी.

आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: शेवटचं जाडजूड पुस्तक कोणतं पूर्ण केलंत? कादंबरी असली तरी चालेल. यावरून वाचनाचा दम कळतो. दुसरा: युद्धातलं नेमकं काय जाणून घ्यायचंय? लढाई कशी झाली, निर्णय कुणी आणि का घेतले, की साध्या माणसांचं काय झालं? तिसरा: छापील वाचणार, फोनवर वाचणार की ऐकणार?

तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण लढायांच्या पुस्तकात अर्धी समज नकाशातून येते. फोनच्या पडद्यावर नकाशातली गावांची नावं वाचता येत नाहीत, आणि ऐकण्याच्या पुस्तकात नकाशाच नसतो. ऐकणाऱ्याला सैन्याच्या हालचालींचं पुस्तक देऊ नका. त्याला एका माणसाभोवती किंवा एका घटनेभोवती फिरणारं पुस्तक द्या.

इतिहास कधीच न वाचलेल्या माणसाला जॉन हर्सी यांचं ‘हिरोशिमा’ द्या. ते १९४६ साली ‘द न्यूयॉर्कर’च्या एका अख्ख्या अंकात छापून आलं होतं. त्यात बॉम्बमधून वाचलेल्या सहा जणांची हकिकत आहे आणि दोन बैठकींत ते वाचून होतं. मात्र आवृत्ती बघून द्या. त्या सहा जणांचं पुढे काय झालं, हे सांगणारं प्रकरण लेखकाने १९८५ मध्ये जोडलं. ते नसलेली जुनी प्रत अपुरी आहे.

रहस्यकथा आवडणाऱ्याला पॅट्रिक रॅडन कीफ यांचं ‘से नथिंग’ चांगलं लागू पडतं. १९७२ साली बेलफास्टमधून दहा मुलांच्या एका आईला उचलून नेलं गेलं, तिथून ते सुरू होतं आणि उत्तर आयर्लंडचा संघर्ष त्या शोधातून उलगडत जातो. ज्याला नकाशा आणि डावपेच हवेत, त्याला अँटनी बीव्हर यांचं ‘स्टालिनग्राड’ द्या. “लढाईत उभ्या असलेल्या शिपायाला प्रत्यक्षात काय दिसतं?” असं कुणी विचारलं तर जॉन कीगन यांच्या ‘द फेस ऑफ बॅटल’ला तोड नाही. अ‍ॅजिनकोर्ट १४१५, वॉटर्लू १८१५ आणि फ्रान्समधल्या सोम नदीकाठची १९१६ ची या तीन लढाया त्यांनी शिपायाच्या उंचीवरून पाहिल्या आहेत: घोडा माणसांच्या रांगेवर खरोखर धावून जातो का, जखमींना कोण उचलतं, माणूस पळून का जात नाही.

एक प्रश्न हळुवारपणे विचारायचा असतो. समोरच्याच्या घरात कुणी युद्ध, दंगल किंवा निर्वासितपण भोगलं असेल, तर त्याच संघर्षावरचं पुस्तक न विचारता हातात ठेवू नका. अत्याचारांची वर्णनं कुठल्या प्रकरणात आहेत हे आधी सांगा आणि ठरवणं त्यांच्यावर सोडा.

पुस्तक कोणत्या सालचं आहे

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्या, कारण इथली चूक वाचकाच्या कधीच लक्षात येत नाही. युद्धाची कागदपत्रं वर्षानुवर्षं कुलूपबंद असतात. कुलूप उघडण्याआधी लिहिलेलं पुस्तक कितीही सुंदर असलं, तरी त्यात एक मोठं भोक असतं, आणि बऱ्याचदा लेखकालाही ते ठाऊक नसतं.

सर्वांत स्वच्छ उदाहरण दुसऱ्या महायुद्धाचं. जर्मनांचे एनिग्मा यंत्राने पाठवलेले गुप्त संदेश ब्रिटिश वाचत होते, ही गोष्ट १९७४ मध्ये ‘द अल्ट्रा सीक्रेट’ हे पुस्तक आल्यावर जगजाहीर झाली. त्याआधीच्या पुस्तकांत अटलांटिकमधल्या पाणबुड्यांच्या किंवा उत्तर आफ्रिकेतल्या लढाईत “सेनापतीने अचूक ओळखलं” असं वाक्य आलं, तर त्या अचूकपणामागे बऱ्याचदा फोडलेला संदेश असतो. चर्चिल यांनी १९४८ पासून काढलेल्या सहा खंडांच्या इतिहासात या गुपिताचा उल्लेख नाही. त्यांना ते पुरतं माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. तो ग्रंथ जरूर सुचवा, मात्र एका पंतप्रधानाने स्वतःची बाजू मांडलेला ग्रंथ म्हणून.

दुसरं उदाहरण पूर्व आघाडीचं, म्हणजे जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या युद्धाचं. युद्धानंतर कितीतरी वर्षं पश्चिमेतल्या वाचकांना ही आघाडी मुख्यतः जर्मन सेनापतींच्या आठवणींतून कळत होती. माजी लष्करप्रमुख फ्रान्झ हाल्डर यांच्यासह अनेक जर्मन अधिकाऱ्यांनी अमेरिकी लष्कराच्या इतिहास विभागासाठी लेखन केलं. त्या लेखनात पराभवाचं खापर हिटलर, थंडी आणि चिखलावर फुटतं. सोव्हिएत सैन्याचं कौशल्य फारसं दिसत नाही, आणि जर्मन लष्कराने केलेल्या कत्तलींवर तर मौनच आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९१ नंतर, रशियन दप्तरं काही प्रमाणात खुली झाली आणि चित्र बदललं. कातिनच्या हत्याकांडाचंही तेच. १९४० साली सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि नागरिकांना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी ठार केलं, हे मॉस्कोने १९९० मध्ये कबूल केलं. तोवर दोष जर्मनांवर ढकललेला होता.

आता कृती. मुखपृष्ठ उलटून मागचं बारीक अक्षरांचं पान काढा. पुनर्मुद्रणाचं साल पाहू नका, पहिल्या प्रकाशनाचं पाहा. नवं कोरं दिसणारं पुस्तक साठ वर्षांपूर्वी लिहिलेलं असू शकतं. नंतर स्वतःला विचारा: या युद्धाचं कुलूप कधी उघडलं? पुस्तक त्याआधीचं असेल तर बाद करू नका. ते त्या काळी काय समजलं जात होतं याचा दस्तऐवज म्हणून द्या आणि सोबत नंतरचं एक द्या.

हातात घेऊन वीस मिनिटं

पूर्ण वाचायला वेळ नसला तरी वीस मिनिटांत पुस्तकाची जात कळते.

पाच मिनिटं मागच्या टिपांना द्या. चारशे पानांच्या लोकप्रिय इतिहासाला पन्नासेक पानं टिपा असल्या तर तब्येत चांगली. टिपांमध्ये फक्त एकाच भाषेतले स्रोत दिसले, तर तुमच्या हातात एका बाजूचं पुस्तक आहे असं समजा. सूचीत शत्रूपक्षाच्या तीन माणसांची नावं शोधा आणि ती किती पानांवर येतात ते पाहा. एकेका ओळीपुरती येत असतील, तर ती माणसं नाहीत, नुसतं नेपथ्य आहे.

मग तीन पानं वाचा: एक ऐन लढाईतलं, एक शत्रूच्या निर्णयाचं, एक सामान्य नागरिकांबद्दलचं. मेलेल्या माणसाच्या मनातले विचार अवतरणात दिसले की टिपेकडे वळा. तिथे डायरी किंवा पत्राचा हवाला असेल तर ठीक. नसेल तर ती कादंबरी आहे आणि कादंबरी म्हणूनच सुचवा.

लेखकाची पदवी मात्र कसोटी नाही. १ जुलै १९१६ या एका दिवसावर ‘द फर्स्ट डे ऑन द सोम’ हे पुस्तक लिहिणारे मार्टिन मिडलब्रुक कोंबड्या पाळणारे शेतकरी होते. हयात असलेल्या शेकडो सैनिकांच्या मुलाखती घेऊन त्यांनी ते १९७१ मध्ये सिद्ध केलं, आणि आजही त्याच्यावर विसंबता येतं.

आता आकडे. ड्रेसडेनचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण खोटा आकडा कसा रुजतो ते त्यात दिसतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये या जर्मन शहरावर बॉम्बवर्षाव झाला. डेव्हिड अर्व्हिंग यांनी १९६३ च्या पुस्तकात मृतांचा आकडा १,३५,००० दिला. तो एका गाजलेल्या कादंबरीतही शिरला. पुढे एका सरकारी अहवालाची बनावट प्रत पुढे आली. मूळ अहवालात मृत होते २०,२०४, आणि बनावट प्रतीत शेवटी एक शून्य वाढवून २,०२,०४० केलेले होते. अर्व्हिंग यांनी तीही पुस्तकात घेतली. २००० साली लंडनच्या न्यायालयाने त्यांनीच लावलेल्या बदनामीच्या दाव्यात, त्यांनी पुरावे हेतुपुरस्सर वाकवल्याचा निष्कर्ष नोंदवला. २०१० मध्ये ड्रेसडेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने कमाल आकडा २५,००० ठरवला. म्हणून दुसऱ्या महायुद्धावरचं पुस्तक हाती आलं की सूचीत ड्रेसडेन शोधा. लाखाच्या पुढचा आकडा टीप न देता आला असेल, तर लेखक बाकीचे आकडेही तपासत नसावा.

अनुवाद असेल तर आणखी दोन गोष्टी पाहा. ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे मृत नव्हेत. ठार, जखमी, बेपत्ता आणि कैद झालेले सगळे मिळून हा आकडा होतो. मराठीत त्याला ‘हताहत’ हा जवळचा शब्द आहे. सोमच्या पहिल्या दिवशी ब्रिटिश हताहत ५७,४७० होते, त्यांतले मृत १९,२४०. अनुवादकाने पहिल्या आकड्याला ‘ठार’ म्हटलं, तर एका शब्दात मृत्यू तिप्पट होतात. दुसरी गोष्ट ‘तुकडी’ हा शब्द. प्लाटून म्हणजे साधारण तीस माणसं, कंपनी शंभराच्या वर, बटालियन सहाशे ते हजार, डिव्हिजन दहा ते वीस हजार. या सगळ्यांना सरसकट ‘तुकडी’ म्हणणारा अनुवाद लढाई समजूच देत नाही. “तुकडीने पूल घेतला” म्हणजे तीस जणांनी की पंधरा हजारांनी? अनुवादात टिपा, सूची आणि नकाशे कधीकधी गाळलेले असतात, तेही पाहून घ्या. ‘संक्षिप्त’ हा शब्द कधीकधी आतल्या पानावर बारीक अक्षरात असतो.

एकट्या पुस्तकाला जोड द्या

एक युद्ध, दोन पुस्तकं. ही पद्धत सोडू नका. जोड निवडताना “विरुद्ध मताचं” पुस्तक शोधत बसू नका. पहिल्या पुस्तकाला जे दिसत नाही ते दाखवणारं शोधा.

त्यासाठी सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे पहिलं प्रकरण कुठल्या तारखेला आणि कुठल्या गावी सुरू होतं ते पाहणं. युद्धाला जबाबदार कोण, याचं लेखकाचं उत्तर तिथेच दडलेलं असतं. पहिल्या महायुद्धावरचं बार्बरा टकमन यांचं ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ (१९६२) मे १९१० मध्ये लंडनला सुरू होतं. राजा सातव्या एडवर्डची अंत्ययात्रा निघाली आहे, घोड्यांवर नऊ राजे आहेत, त्यांत जर्मनीचा कैसरही आहे. तिथून लक्ष जातं बर्लिनकडे, बेल्जियममधून फ्रान्सवर चालून जाण्याच्या जर्मन योजनेकडे, आणि सप्टेंबर १९१४ मधल्या फ्रान्सच्या मार्न नदीकाठच्या लढाईच्या तोंडाशी पुस्तक थांबतं. ख्रिस्तोफर क्लार्क यांचं ‘द स्लीपवॉकर्स’ (२०१२) जून १९०३ मध्ये बेलग्रेडला सुरू होतं. मध्यरात्री सर्बियन लष्करी अधिकारी राजवाड्यात घुसून राजा आणि राणीचा खून करतात. त्याच कटातले काही जण पुढे १९१४ साली साराजेव्होत झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येमागेही आहेत. एकच युद्ध, पण लंडनहून निघालं की जर्मनी पुढे येतो आणि बेलग्रेडहून निघालं की बाल्कन.

यात टकमन यांची लबाडी नाही. बाल्कन आणि ऑस्ट्रियाची आघाडी वगळल्याचं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं आहे. पण प्रस्तावना न वाचणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून देताना तुम्ही सांगा. क्लार्क यांच्याबाबत उलट सूचना द्यायची: जर्मनीची जबाबदारी सौम्य केली, हा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप आहे. जर्मनीवर सर्वांत कडक ठपका ठेवणारे इतिहासकार फ्रिट्झ फिशर स्वतः जर्मन होते, आणि त्यांचा ग्रंथ १९६१ चा आहे. तो अभ्यासकांसाठी आहे, नवख्याला देऊ नका. क्रम टकमन आधी, क्लार्क नंतर. क्लार्क यांच्या पुस्तकात मंत्री, राजदूत आणि पक्षांची नावं इतकी आहेत की तेच आधी दिलं तर बहुतेक जण शंभर पानांत दमतात.

इतर जोड्या थोडक्यात. ‘से नथिंग’ बरंचसं आयर्लंडच्या प्रजासत्ताकवादी बंडखोरांच्या बाजूने आत शिरतं, ब्रिटननिष्ठ सशस्त्र गटांच्या हिंसेला त्यात जागा कमी आहे. तीस वर्षांचा आणि सुमारे ३,५०० मृत्यूंचा सगळा हिशोब डेव्हिड मॅककिट्रिक आणि डेव्हिड मॅकव्ही यांच्या ‘मेकिंग सेन्स ऑफ द ट्रबल्स’मध्ये आहे.

१९७१ च्या युद्धासाठी गॅरी बास यांचं ‘द ब्लड टेलिग्राम’ आणि श्रीनाथ राघवन यांचं ‘१९७१’. दोन्ही २०१३ ची. बास यांचा कॅमेरा वॉशिंग्टनवर आहे: ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांची निषेधाची तार आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन व त्यांचे सल्लागार किसिंजर यांचं बंद दाराआडचं बोलणं. ते कादंबरीसारखं वाचून होतं. राघवन यांची मांडणी संथ आहे, पण पाकिस्तान फुटणं अटळ नव्हतं हे ते जगभरच्या राजधान्यांतले कागद समोर ठेवून दाखवतात. दुसऱ्याने पहिल्याचं टोकदारपण कमी होत नाही, त्याला जमीन मिळते.

स्पेनच्या यादवी युद्धासाठी जॉर्ज ऑर्वेल यांचं ‘होमेज टू कॅटलोनिया’ (१९३८) एकटं कधीच देऊ नका. लेखक आरागॉनच्या आघाडीवर लढला, गळ्यात गोळी लागली, बार्सिलोनातला डाव्या गटांचा आपसातला रक्तपात त्याने पाहिला. पण तो एका आघाडीचा आणि एका गटाचा माणूस होता. माझा पक्षपात लक्षात घ्या, असं तो वाचकाला स्वतः बजावतो. सोबत बीव्हर यांचं ‘द बॅटल फॉर स्पेन’ द्या.

व्हिएतनामवरच्या पुस्तकांना पहिल्या प्रकरणाची युक्ती लावाच. अमेरिकी लढाऊ सैन्य मार्च १९६५ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या दा नांगला उतरलं. तिथून सुरू होणाऱ्या पुस्तकात व्हिएतनामी माणूस झाडीमागची सावली होऊन राहतो. मॅक्स हेस्टिंग्ज यांचं ‘व्हिएतनाम’ १९४५ पासून निघतं, म्हणून सुरुवातीला ते बरं. जोडीला लिएन-हांग न्युएन यांचं ‘हॅनोईज वॉर’. उत्तर व्हिएतनामची सूत्रं हो चि मिन्ह यांच्यापेक्षा कम्युनिस्ट पक्षाचे नेते ले झुआन यांच्या हाती कशी गेली होती, ते त्यात व्हिएतनामी कागदपत्रांवरून कळतं.

‘स्टालिनग्राड’ला जोड स्वेतलाना अलेक्सीविच यांच्या ‘द अनवुमनली फेस ऑफ वॉर’ची. सोव्हिएत सैन्यातल्या स्त्रिया, म्हणजे नेमबाज, परिचारिका, रणगाड्यांवरच्या मुली, त्यात बोलतात. मूळ पुस्तक १९८५ चं. सेन्सॉरने कापलेला मजकूर नंतरच्या आवृत्त्यांत परत आला, म्हणून नवी आवृत्तीच घ्या. आणि हे सांगून द्या: चाळीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणी दुःखासाठी अस्सल असतात, पण तारखा आणि आकड्यांसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

देताना लावायची चिठ्ठी

“छान आहे, वाचा” एवढ्याने वाचकाला काहीच कळत नाही. चार ओळी लिहा: काय आहे, काय नाही, लेखक कुठून पाहतोय, आणि कुठे जड जाईल. नमुना असा:

*“स्टालिनग्राड, अँटनी बीव्हर, १९९८. जून १९४१ च्या जर्मन चढाईपासून फेब्रुवारी १९४३ च्या शरणागतीपर्यंत, आणि पकडलेल्या सुमारे ९१,००० सैनिकांचं पुढे काय झालं तेही. शहरातली लढाई सुरू व्हायला बरीच पानं जातात, धीर धरा. जर्मन आणि रशियन दोन्ही दप्तरं वापरली आहेत. स्त्रियांचं युद्ध थोडं आहे, त्यासाठी सोबतचं दुसरं पुस्तक. उपासमार आणि गोठून मरण्याची वर्णनं शेवटच्या भागात आहेत.”*

चिठ्ठीच्या मागे आठ-दहा मुख्य नावं लिहून द्या, प्रत्येकापुढे पद आणि बाजू. रशियन किंवा बाल्कन नावांत वाचक हरवतो, ते टाळायला यापेक्षा सोपा उपाय नाही. मुख्य नकाशाच्या पानावर खूण घाला. गावांची बदललेली नावंही तिथेच टिपा: लेम्बर्ग, ल्वुव आणि आज युक्रेनमध्ये असलेलं ल्विव्ह हे एकच शहर आहे. रशियन क्रांतीचं पुस्तक असेल तर तारखांचा घोळ सांगून ठेवा. जुन्या पंचांगाचा २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे नव्याचा ७ नोव्हेंबर. रशियाने पंचांग फेब्रुवारी १९१८ मध्ये बदललं, त्यामुळे ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन नोव्हेंबरात येतो.

साठ पानांनंतरही मन लागत नसेल तर पुस्तक परत आणा, असं मोकळेपणाने सांगा. परत आलं की “आवडलं का?” विचारू नका. “कुठल्या पानावर थांबलात?” विचारा. नावांच्या गर्दीत थांबले असतील तर एका माणसाभोवतीचं पुस्तक द्या. डावपेचांत थांबले असतील तर आठवणींकडे वळा. क्रौर्यामुळे थांबले असतील तर निर्णयांच्या आणि तहांच्या इतिहासाकडे न्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या, १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेवरचं मार्गारेट मॅकमिलन यांचं ‘पॅरिस १९१९’ अशा वेळी कामी येतं. त्यात रणांगण नाही, पण सहा महिन्यांत आखलेल्या सीमांवरून पुढे कोण कुणाशी भांडणार हे दिसत राहतं.

अजून चालू असलेल्या युद्धावरचं पुस्तक मागितलं तर नाही म्हणू नका. बातमीदारांनी पहिल्या दोन-तीन वर्षांत लिहिलेली पुस्तकं घाईची असतात, पण डोळ्यांदेखतची असतात. चिठ्ठीवर हस्तलिखित कोणत्या महिन्यापर्यंतचं आहे ते ठळक लिहा. ते बहुधा प्रस्तावनेच्या शेवटी तारखेसह असतं. जोडीला त्याच प्रदेशाचा, युद्धाच्या दहा-वीस वर्षं आधी लिहिलेला इतिहास द्या. त्या लेखकाला पुढे युद्ध होणार हे माहीत नव्हतं, म्हणून त्याने त्या सालात उघडे असलेले इतर रस्तेही नोंदवलेले असतात.